दप्तरी दाखल

आमच्या घरात पणजोबांचा उल्लेख ‘पणजोबा’ असा कधी झालाच नाही. ते प्रेसिडेंट. ‘प्रेसिडेंटांच्या वेळचं कपाट’, ‘प्रेसिडेंटांची तिथी’, ‘प्रेसिडेंट असते तर हे चाललं असतं का?’ आजी त्यांची सून. तसबिरीपुढे हात जोडताना ती ‘मामंजी’ म्हणायची, पण आमच्याकडे वळली की पुन्हा प्रेसिडेंट. तालुक्याच्या गावची एवढीशी नगरपालिका, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे काही वर्षं होतं. ते जाऊन पाऊण शतक उलटलं तरी पद काही घरातून गेलं नाही. त्या पदाच्या तीन गोष्टी आम्हा सगळ्या भावंडांना पाठ होत्या. त्यांनी पेठेत रॉकेलचे दिवे लावले. १९१८ च्या इन्फ्लुएंझात ते औषधाच्या बाटल्या घेऊन घरोघर हिंडले. आणि त्यांनी महारवाड्यात विहीर बांधून दिली. तिसरी गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा आवाज किंचित वर चढायचा. पहिल्या दोन कर्तृत्वाच्या गोष्टी होत्या, तिसरी मोठेपणाची.

या तीन गोष्टींपलीकडचा माणूस बघावा असं मला फार उशिरा वाटलं. बहुधा वडील गेल्यानंतर. घरात आता मागचं सांगणारं कोणी उरणार नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं.

गावचं नगर वाचनालय जुनं आहे, पण महाराष्ट्रातल्या थोरल्या वाचनालयांच्या मानानं धाकटंच. रत्नागिरीचं १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. यांतल्या काहींचं मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पुढाकारानं आणि गावातल्या शिकलेल्या मंडळींच्या वर्गणीवर ही घरं उभी राहिली. आमच्या वाचनालयाची सुरुवातीची वर्गणीदारांची यादी भिंतीवर लावलेली आहे. दोन वकील, मामलेदार, हेडमास्तर, एक सावकार, एक डॉक्टर. पुढे १८८२ मध्ये रिपनसाहेबाचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात त्याचे कायदे झाले, आणि गावोगावच्या पालिकांमध्ये निवडून आलेले लोक बसू लागले. हे लोक कोण? तेच वकील, तेच सावकार, तेच डॉक्टर. दुपारी पालिकेत ठराव करायचे आणि संध्याकाळी वाचनालयात ‘ज्ञानप्रकाश’ चाळायचे. त्यामुळे कधीतरी पालिका नव्या इमारतीत जाताना जुनी प्रोसिडिंग बुकं रद्दीच्या वाटेला लागली, तेव्हा वाचनालयाच्या कार्यवाहांनी ती मागून आणली, यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो. त्या माणसांचे शब्द त्यांच्याच बैठकीत परत आले.

ती बुकं माडीवरच्या मागच्या खोलीत, मांजरपाटात बांधून ठेवलेली आहेत. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास. गाठ सोडली की आधी धूळ उठते, मग कागदावरची कसर चपळाईनं शिवणीत पळते, आणि मग पान दिसतं. ग्रंथपाल बाई एक पांढरं फडकं पसरून त्यावर बुक ठेवायच्या आणि म्हणायच्या, “कडेला धरू नका, खालून हात घाला.” दिवसाला एकच बुक द्यायच्या. हा नियम मला पुढे फार आवडू लागला. एका दिवसात एका वर्षापेक्षा जास्त मागं जाऊ नये, हे बरंच आहे.

लिहिणं मोडीत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता तिला अक्षरं लोंबकळत ठेवायची, शब्द कुठं संपला याची काही खूण नाही. एका निवृत्त मास्तरांकडून मी ती लिपी शिकलो. पहिले काही महिने मला फक्त आकडे वाचता येत होते. मग ‘सदरहू’, मग ‘मंजूर’, मग सभासदांची नावं. एके दिवशी दिवाबत्तीचा अख्खा ठराव मी अडखळत का होईना वाचला आणि एकटाच खुर्चीत सावरून बसलो. माणूस ओळखीचा होऊ लागला होता.

प्रेसिडेंटांचेही पूर्वज होते, आणि तेही पदावरचेच. गावचं कुलकर्णीपद आमच्याकडे चालत आलेलं. त्यांच्यासाठी पुण्याला जावं लागलं. पुण्याच्या पुराभिलेखागाराची दगडी इमारत, आत पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल. याच साठ्यातून रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पंचेचाळीस खंड निवडून छापले. तिथं मोठ्या लढायांचे, मोठ्या सरदारांचे कागद आहेत, आणि त्यांच्याच शेजारी आमच्यासारख्यांचे लहान कागदही आहेत. ते कागद तिथं पोचले कसे, याची कथा मला विलक्षण वाटते. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ आलं आणि कमिशननं घराघराला विचारलं, ही जमीन, हे वतन तुमचं कशावरून? ज्यांच्याकडे सनद नव्हती त्यांची इनामं गेली. जे वाचले ते कागद पुढे करून वाचले. लोकांनी पेट्या उपसल्या, कैफियती लिहिल्या, वंशावळी काढल्या. सरकारनं रयतेवर संशय घेतला म्हणून आज नातवंडांना आजे-पणजे सापडतात. कित्येक घरं त्या चौकशीत उघडी पडली, आणि त्याच चौकशीचे कागद आज आम्ही आनंदानं वाचतो.

त्या वंशावळी मात्र जपून वाचाव्या लागतात. त्या कोणी हौसेनं काढलेल्या नाहीत, वाटणीसाठी काढल्यात. जो भाऊ दावेदार होऊ शकतो त्याची फांदी खुडलेली असते. बायका तर जवळजवळ नाहीतच. एखादी येते ती विधवा म्हणून, दत्तक घेताना किंवा हिस्सा मागताना, आणि कागदाच्या तळाशी तिची बांगडीची निशाणी असते. सह्या न येणाऱ्यांनी आपापली खूण काढायची रीत होती. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. आमच्या घराण्याच्या एका जुन्या कागदावर अशी एक बांगडी आहे. हातानं काढलेलं, नीट न जुळलेलं वर्तुळ. ती बाई कोण, आमची कोण लागते, वंशावळीत तिला जागा का नाही, हे कागद सांगत नाही. त्या वर्तुळावर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो होतो.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्या कितीतरी पिढ्यांची नावं सलग मिळतात. गाव सांगा, आडनाव सांगा, उपाध्ये वही काढतात आणि खापरपणजोबांची सही समोर येते. तो आनंद वेगळा. पण त्या वहीत वंश सापडतो, कारभार सापडत नाही. आपला माणूस आला, त्यानं श्राद्ध केलं, दक्षिणा दिली, गेला. पदावर बसल्यावर तो कसा वागला हे तिथं कोण लिहिणार? अलीकडे, २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तशी तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूम माणसांनी भरून गेल्या, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. एका नोंदीसाठी लोक शंभर-सव्वाशे वर्षांची रजिस्टरं उलगडतात. त्यांची गरज रोकडी आहे, मुलांच्या शिक्षणाची, नोकरीची. माझी तशी नव्हती. पण त्या बाकांवर त्यांच्या शेजारी बसून वाचताना मला वाटायचं, आम्ही सगळे मेलेल्या माणसांकडे काहीतरी मागायला आलो आहोत.

पद भूषवलेल्या माणसाचा माग काढायला कागद पुष्कळ. पालिकेवर निवडून आलेल्यांची आणि नेमलेल्यांची नावं सरकारी गॅझेटात येत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. भारत सेवक समाजानं १९०५ मध्ये सुरू केलेला हा संग्रह सरकारी अहवालांनी भरलेला आहे. मुंबईच्या कायदे कौन्सिलातल्या चर्चांचे जाडजूड खंड, आणि प्रत्येकाच्या शेवटी सूची. नावापुढे त्या सभासदानं काय काय विचारलं ते बारीक टाइपात. कुणी आयुष्यभर एका पुलाबद्दल विचारत राहिला, कुणी दारूच्या दुकानाबद्दल. सूची वाचूनच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि सार्वजनिक माणसाला असंच ओळखावं असं मला वाटतं. जोतिराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विरोध केला, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणाले. त्यांचे ग्रंथ एका बाजूला, आणि भरल्या सभेत वर केलेला तो एक हात एका बाजूला. तो हात कुठेतरी लिहिला गेला म्हणून आपल्याला ठाऊक आहे.

प्रेसिडेंटांच्या बुकांत मी असाच त्यांचा हात शोधत होतो, आणि तो सापडतही होता. दिव्यांची गोष्ट खरी निघाली. कंत्राटदार काचा पुसत नाही, पहाटेआधीच दिवे विझतात, म्हणून त्याचे पैसे कापावेत, असा ठराव त्यांनी स्वतः मांडलेला. मोकाट कुत्री, जकात नाक्यावरचा शिपाई, जनावरांच्या हाळाची गळती, जत्रेतली दुकानं. ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘सर्वानुमते पास’. कधी कधी ‘प्रेसिडेंट यांनी खुलासा केला की’ असं वाक्य यायचं आणि मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. नेमका, थोडा करडा, हिशेबी. एका सभेत ते पाऊण पान एका गटाराच्या उतारावर बोलले आहेत. या माणसाबद्दल मला प्रेम वाटू लागलं होतं. तसबिरीतल्या पगडीबद्दल ते कधी वाटलं नव्हतं.

४ ऑगस्ट १९२३ या दिवशी मुंबईच्या कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. पुढच्या महिन्यात सरकारनं त्याच्या अंमलाचा आदेश काढला आणि तो आदेश सगळीकडे गेला. महाडच्या पालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. मला हे ठाऊक होतं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला थोडंफार ठाऊक असतं. तो आदेश आमच्याही गावी आला असणार, हे मात्र बुक हातात येईपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं.

त्या सभेला सगळे सभासद हजर होते. पहिला विषय दिव्यांचं नवं कंत्राट. त्यावर दोन पानं. चौथा की पाचवा विषय सरकारी परिपत्रकाचा. मोडीतली एक ओळ. ‘वाचण्यात आले. दप्तरी दाखल.’ खाली प्रेसिडेंटांची सही.

मी ती ओळ मास्तरांकडून पुन्हा वाचवून घेतली. त्यांनीही तेच वाचलं.

विरोध नाही, वाद नाही, कोणी धर्म बुडाला म्हणून ओरडलं नाही. असतं तर निदान भांडण झालं असतं आणि भांडणाचं टिपण राहिलं असतं. इथं कागद आला, वाचला, ठेवला. महाडात निदान ठराव झाला होता. तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले; त्यानंतर माणसांना मारहाण झाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये पालिकेनं आपला ठराव मागं घेतला. पण महाडच्या पालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस बाबासाहेबांच्या बाजूनं उभे राहिले होते. तेही एका छोट्या गावचे प्रेसिडेंटच. पुढे तळ्याचा खटला मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात निकाली निघेपर्यंत चालला. एका तालुक्याच्या पालिकेतला एक ठराव किती लांब जाऊ शकतो! तेवढ्याच वजनाचा दुसरा कागद आमच्या गावात कपाटात गेला.

बुकाच्या पाठीमागं काही सुटे कागद शिवलेले होते. त्यात एक अर्ज होता, बाळबोधीत, सुवाच्य, ठाम अक्षरातला. लिहिणारा पेन्शनर हवालदार. महार पलटणीतून सुटून आलेली माणसं त्या काळी बऱ्याच गावांत होती, वाचणारी, जग पाहिलेली. अर्जात त्यानं सरकारी परिपत्रकाचा नंबर आणि तारीख दिली होती. मी गॅझेटाशी ताडून पाहिली, दोन्ही बरोबर. ओढ्यातल्या वाळूतले झरे उन्हाळ्यात आटतात, पेठेतल्या हौदापाशी बायका-पोरं तासन्‌तास उभी राहतात, कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओततो. सबब सदर हुकुमाप्रमाणे हौदावर पाणी भरण्याची मोकळीक मिळावी. खाली हवालदाराची सही आणि तिच्याभोवती अंगठेच अंगठे. शाई फिकी झाली आहे, पण काही ठशांच्या रेषा अजून मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत.

या अर्जावरचा निकाल दोन बुकांनंतर मिळाला. मधल्या काळात बोल्यांनी १९२६ मध्ये कौन्सिलात दुसरा ठराव आणला होता, ज्या पालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांचं अनुदान रोखावं असा. आमच्या पालिकेत त्यानंतरच्या एका सभेत विषय निघाला आणि प्रेसिडेंटांनी स्वतः सूचना मांडली, ‘सदर लोकांची गैरसोय दूर व्हावी म्हणून त्यांचे वस्तीत स्वतंत्र विहीर खणण्यास मंजुरी द्यावी.’ सर्वानुमते पास.

म्हणजे घरातली तिसरी गोष्टही खरी होती. विहीर त्यांनीच बांधली. आणि ती बांधली यासाठी, की हौद उघडावा लागू नये.

त्या दिवशी मी बुक लवकर परत केलं. घरी येताना पेठेतून आलो. हौद आता नाही, तिथं रिक्षाथांबा आहे. मनात राग होता का? होता, पण कुणावर धरावा हे कळत नव्हतं. गटाराच्या उतारावर पाऊण पान बोलणारा, दिव्याच्या काचा पुसल्या नाहीत म्हणून कंत्राटदाराला दंड करणारा, इन्फ्लुएंझात दारोदार हिंडणारा माणूस एवढ्या बारीक नजरेचा होता की त्याला त्या परिपत्रकाचा अर्थ कळला नाही असं म्हणायची सोय नाही. त्याला तो पूर्ण कळला होता. मतं देणारे घरपट्टी भरणारे होते, सगळे पेठेतले. पुढची निवडणूक त्यांच्याच दारात होती. हे सगळं मला समजतं. समजल्यानं ती ओळ पुसट होत नाही. मला ती पुसट व्हायला नकोही आहे. पूर्वजांवर प्रेम करायचं तर ते त्यांच्या सह्यांसकट करावं लागेल. नुसत्या तसबिरीवर मला ते आता जमत नाही.

वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, नव्वदी ओलांडलेली. प्रेसिडेंटांच्या मांडीवर बसलेली घरातली ती शेवटची. तिला सांगावं की नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. शेवटी अर्जाची मोठी केलेली प्रत घेऊन तिच्याकडे गेलो. परिपत्रकाचं सांगितलं, ओळ सांगितली, अर्ज वाचून दाखवला, विहिरीचा ठराव सांगितला. ती काही बोलली नाही, मग म्हणाली, “अर्ज कुणाचा होता?”

मी सांगितलं.

“हवालदार? अरे, तो यायचा की आपल्याकडे. दसऱ्याला. कोटावर बिल्ला लावून यायचा, अंगणात पायरीच्या खाली उभा राहायचा. आजोबा खुर्चीवरून उठून पायरीपर्यंत जायचे. मला वाटायचं, केवढा मान देतात.” ती थोडी थांबली. “आणि ती विहीर उन्हाळ्यात आटायची. चैत्र लागला की बाया परत हौदापाशी. मी बघितलंय ते. आईबरोबर जाताना.”

हे कुठल्याच बुकात नव्हतं. मी वही काढली आणि तिला म्हटलं, जरा सावकाश सांग. तिनं हातानंच मला थांबवलं, खुर्ची पुढे ओढायला लावली आणि चांगला कान माझ्याकडे केला.

“आधी तो अर्ज वाच पुन्हा. मोठ्यानं. मघाशी नंबर आणि तारीख गाळलीस, ती पण वाच.”